चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायला लायसन्स लागतं का? आणि नंबर मशीनच काढतं, तर ऑप्टोमेट्रीत, म्हणजे नजर तपासण्याच्या पदवीत, चार वर्षं कशाला घालवायची?

तुमच्या प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग दुकानमालकांकडून इतक्यांदा ऐकलाय की आधी त्याचंच उत्तर देतो. लायसन्सचं नंतर.

मशीन नंबर काढत नाही, अंदाज देतं. ऑटोरिफ्रॅक्टोमीटरमध्ये, म्हणजे दुकानातल्या नंबर काढायच्या मशीनमध्ये, हनुवटी टेकवली की रस्त्याच्या टोकाला फुगा दिसतो. मशीन तो मुद्दाम धूसर करतं, म्हणजे डोळ्याने जोर सोडावा. पन्नाशीच्या माणसाचा डोळा जोर सोडतो, कारण मुळात जोर उरलेलाच नसतो. मुलाच्या डोळ्याला मात्र कळतं की फुगा वीतभर अंतरावरच्या डब्यात आहे. आतलं भिंग आवळलं जातं आणि चिठ्ठीवर उणे नंबर छापून येतो. कॅश काउंटरवर तीच चिठ्ठी बघून काचा कापायला जातात.

असाच एक अकरा वर्षांचा मुलगा तपासणीला आला होता. तक्रार जुनीच: फळा अंधुक दिसतो, संध्याकाळी कपाळ दुखतं. पहिल्या दुकानात दोन्ही डोळ्यांना −२.२५ दिला. दोन महिन्यांनी डोकं जास्तच दुखायला लागलं, म्हणून दुसऱ्या दुकानात गेले, तिथे −३.०० झाला. दोन्हीकडे 'कॉम्प्युटराइज्ड तपासणी'. दोन्ही चिठ्ठ्या आईने जपून ठेवल्या होत्या. एकाच चिठ्ठीवरच्या तीन रीडिंगमध्ये पाऊण डायॉप्टरचा (चष्म्याचा नंबर याच एककात मोजतात) फरक होता. तिथेच थांबायला हवं होतं. खरा उणे नंबर असा हलत नाही.

विनाचष्मा दृष्टी कधी ६/१८, कधी ६/१२ (नीट नजर म्हणजे ६/६). रेटिनोस्कोपचा, म्हणजे हातात धरून नंबर तपासायच्या उपकरणाचा, उजेड टाकला तर बाहुलीतली चमक एका जागी ठरेना. क्षणात 'विथ' (उजेडाच्या दिशेने), क्षणात 'अगेन्स्ट' (उलट दिशेने). म्हणजे भिंग आतून धडपडतंय. पण लगेच भिंग सैल करणारे थेंब घालायचे नसतात, आधी कव्हर टेस्ट, म्हणजे एकेक डोळा झाकून दुसरा हलतो का ते बघणं. काही मुलांचा डोळा अधूनमधून बाहेरच्या बाजूला वळतो आणि तो ओढून धरण्यासाठीच ती भिंग आवळतात. ते नजरेतून सुटलं तर उपचाराची दिशाच चुकते. या मुलाचे डोळे सरळ होते.

मग नेत्रतज्ज्ञांना दाखवून ते थेंब, सायक्लोपेंटोलेट १ टक्का: एक थेंब, पाच ते दहा मिनिटांनी दुसरा, पहिल्या थेंबापासून साधारण ४० मिनिटं थांबायचं. घाई करून वीस मिनिटांत बघितलं तर भिंग अर्धवटच सुटलेलं असतं आणि खोटा नंबर निम्मा तसाच राहतो. बाहुली मोठी झाली म्हणजे भिंगही सुटलं असं नाही. चमक स्थिर झाली की ते खरं. ६७ सेंटिमीटरवरून रेटिनोस्कोपी केली. चमक +२.०० ला थांबली, ६७ सेंटिमीटर अंतराचे १.५० वजा, उरले +०.५०. उणे नव्हे, अधिक! त्या थेंबांत मुलाने विनाचष्मा ६/९ वाचलं आणि +०.५० लावल्यावर ६/६. हातातलं पुस्तक मात्र त्याला वाचता येईना, जे थेंबांमुळे अपेक्षितच. चष्मा बंद केला. मोबाईल-पुस्तक नाकाला चिकटवून धरायची सवय मोडायला सांगितली आणि पुन्हा तपासणीची तारीख दिली. −३.०० कायम राहिला असता तर ते भिंग दिवसभर तीन डायॉप्टर जास्तीचं ओझं ओढत बसलं असतं, आणि सहा महिन्यांनी कुणीतरी −३.७५ दिला असता.

चार वर्षं याच्यासाठी. बारावी सायन्सनंतर तीन वर्षं वर्ग आणि एक वर्ष इंटर्नशिप. नाव कुठे बी.ऑप्टोम, कुठे बी.एस्सी. पहिल्या वर्षी शरीररचना आणि प्रकाशशास्त्र, इथेच मुलं कंटाळतात. मग व्हिज्युअल ऑप्टिक्स, औषधशास्त्र, डोळ्यांचे आजार. शेवटी कॉन्टॅक्ट लेन्स, बायनॉक्युलर व्हिजन (दोन्ही डोळ्यांचं एकत्र काम), लो व्हिजन (चष्म्यानेही न सुधारणारी अधू नजर). प्रकाशशास्त्राला नाकं मुरडणाऱ्यांना दुकानात उत्तर मिळतं. −६.०० च्या काचेचा मध्य बाहुलीपासून ४ मिलिमीटर सरकला, तर ०.४ गुणिले ६, म्हणजे २.४ प्रिझम (दिसणारं चित्र बाजूला सरकवणारा परिणाम) एकाच डोळ्यावर. गिऱ्हाईक म्हणतं 'जमीन तिरकी दिसते', दुकानदार म्हणतो 'चार दिवसांत सवय होईल'. चष्म्याचा −१०.०० कॉन्टॅक्ट लेन्समध्ये −१०.०० राहत नाही. काच डोळ्यापासून १२ मिलिमीटरवर असेल तर तो सुमारे −९.०० होतो. हे सूत्र मशीनच्या चिठ्ठीवर छापलेलं नसतं.

आता लायसन्स. चष्म्याच्या दुकानात डोळे तपासणारा माणूस शिकलेला असलाच पाहिजे, असा देशभराचा कायदा आपल्याकडे वर्षानुवर्षं नव्हताच. दुकान परवान्यावर चष्मे विका, मशीन आणा, पाटी लावा. ऑप्टोमेट्री कौन्सिल ऑफ इंडियाची नोंदणी आहे, पण ती ऐच्छिक. २०२१ मध्ये नॅशनल कमिशन फॉर अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्सचा कायदा आला आणि ऑप्टोमेट्रिस्टला पहिल्यांदा केंद्रीय कायद्यात नावानिशी जागा मिळाली. त्यात 'हेल्थकेअर प्रोफेशनल' म्हणजे किमान ३,६०० तासांची पदवी, आणि 'अलाइड' म्हणजे किमान २,००० तासांचा डिप्लोमा किंवा पदवी. नोंदणी राज्य परिषदेची. राज्यं मात्र हातावर हात ठेवून बसली, शेवटी ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला दोन महिन्यांची मुदत घालून द्यावी लागली. म्हणून तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं: कायद्याने नोंदणी लागते, पण तुमच्या चौकातल्या दुकानात कागद मागायला कुणी येईल याच्या भरवशावर राहू नका.

ब्रिटनमध्ये हे १९५८ पासून बांधलेलं आहे. नोंदणीकृत ऑप्टोमेट्रिस्ट किंवा डॉक्टर सोडून दुसऱ्याने नजर तपासली तर गुन्हा, आणि सोळा वर्षांखालच्या मुलाचा चष्मासुद्धा नोंदणीकृत माणसाच्या देखरेखीशिवाय देता येत नाही. अमेरिकेत मिनेसोटाने १९०१ मध्येच परवाना लावला. आपल्याकडे त्या अकरा वर्षांच्या मुलाला दोन दुकानांनी दोन चष्मे दिले आणि दोघांनाही कुणी जाब विचारला नाही.

थेंबांबद्दल विचारणार असाल तर: सायक्लोपेंटोलेट हे डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणारं औषध आहे. रुग्णालयात नेत्रतज्ज्ञांच्या देखरेखीखाली घाला, एकट्याने दुकानात बसून नको. फिट येणाऱ्या मुलांत जपून, काही मुलं थेंबांनंतर पेंगुळतात किंवा बरळतात, आणि जवळचं दुसऱ्या दिवसापर्यंत अंधुक राहू शकतं. परीक्षेच्या आदल्या दिवशी घालू नये. आणि हो, नावापुढे डॉ. लावू नका. मोतिबिंदू, काचबिंदू, पडदा सुटणं हे ओळखून वेळेत पाठवणं तुमचं काम, ऑपरेशन नेत्रतज्ज्ञांचं.

कॉलेज निवडताना इमारत बघू नका, हे विचारा: इंटर्नशिप कोणत्या नेत्र रुग्णालयात, आणि तिथे विद्यार्थी स्वतः रेटिनोस्कोप धरतो की डॉक्टरांच्या मागे उभा राहतो? विद्यापीठ यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) मान्यताप्राप्त आहे का? दूरशिक्षणाने पदवी देतो म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. २०२१ च्या त्या कायद्याखालचे अभ्यासक्रम दूरस्थ आणि ऑनलाइन चालवायला यूजीसीने २०२५ च्या सत्रापासून मनाई केली आहे. सहा महिन्यांचा 'रिफ्रॅक्शन कोर्स' म्हणजे मशीनची बटणं.

डिप्लोमावाल्यांना मी हलकं लेखतोय असं वाटेल, तसं नाही. ग्रामीण रुग्णालयातले नेत्र चिकित्सा अधिकारी शाळांमधून हजारो मुलं तपासतात, आणि १९७६ मध्ये सुरू झालेला राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम त्यांच्याच खांद्यावर चालला. ट्रायल फ्रेम (काचा बदलून बघायची चौकट) आणि काचांच्या पेटीवर नंबर काढणारे काही जुने चष्मेवालेही आजच्या पदवीधरांना भारी आहेत. भांडण कागदाशी नाही, चिठ्ठीवरून थेट काच कापणाऱ्यांशी आहे.

आखातात जायचं डोक्यात असेल तर इंटर्नशिपच्या दाखल्यावर सुरू आणि संपल्याच्या तारखा, रुग्णालयाचं नाव आणि शिक्का आत्ताच नीट करून घ्या. डेटाफ्लोवाले (आखातातल्या नोकरीसाठी कागदपत्रं पडताळणारी कंपनी) थेट कॉलेजला ईमेल करून पडताळतात, आणि कॉलेजने उत्तर दिलं नाही की फाईल तिथेच अडकते.