विचारा की! : डॉलर नातवाच्या नावावर, हातात मात्र दमडी नाही

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. माझी लेक आणि जावई मेलबर्नला असतात, आता तिथले कायमचे रहिवासी झालेत. नातू सात वर्षांचा, त्याला ऑटिझम आहे. ‘एनडीआयएस’ नावाच्या सरकारी योजनेतून त्याला वर्षाला 16,000 ऑस्ट्रेलियन डॉलर मंजूर झाले. आमच्या ह्यांनी लगेच रुपयांत हिशेब करून सगळ्या गल्लीत सांगूनही टाकलं. पण लेक फोनवर रडते, ‘आई, पैसे पुरत नाहीत आणि पुढच्या तीन महिन्यांचे अजून सुटले नाहीत.’ मंजूर झालेले पैसे सुटत नाहीत म्हणजे काय? मी जाऊन सहा महिने त्याला सांभाळलं तर त्यातलं काही घरातच मिळेल का? नाहीतर पोराला तीन-चार महिने इकडेच आणावं म्हणते. आणि परवा तिथल्या थेरपीवाल्या बाईंनी व्हिडिओवर मला विचारलं, तर मी सांगितलं की आमचा बाळ सगळं स्वतःचं स्वतः करतो. त्यावरून लेक चिडली. माझं काय चुकलं?
– एक आजी, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : काकू, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. लेक का चिडली ते कळलं की निम्मी योजना कळली.

माझ्या मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे. 2009 मध्ये अपंगत्वाच्या दाखल्यासाठी त्याला एका सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. आदल्या दिवशी केस कापून आणले, नवा शर्ट घातला आणि रिक्षात बसल्यापासून एकच घोकवलं, ‘डॉक्टरकाकांना नीट चालून दाखव हं.’ पोरगं शहाणं. दात-ओठ खाऊन आठ पावलं सरळ चाललं. मी टाळ्या वाजवल्या! बाहेर व्हरांड्यात आल्या आल्या तोंडावर पडलं, पण तोवर कागद लिहून झाला होता : 35 टक्के. आपल्याकडे एसटीच्या सवलतीपासून सगळ्याचं दार 40 टक्क्यांना उघडतं. दुसऱ्यांदा तपासणी होऊन दाखला बदलून मिळेपर्यंत दीड वर्ष गेलं. तुम्ही व्हिडिओवर जे केलंत ना, तेच मी केलं होतं. लेकराचं उणं झाकून सांगायची आपली सवय.

तिकडे टक्केवारीवर काम चालत नाही. अपंगत्व कायमचं आहे का आणि त्यामुळे रोजच्या जगण्यात काय अडतं, बोलणं, फिरणं, शिकणं, माणसांत मिसळणं, स्वतःचं आवरणं, हे बघतात. थेरपीवाल्या बाई जो अहवाल लिहितात, त्यावर पुढचे पैसे ठरतात. त्यात ‘आजीच्या सांगण्यानुसार मुलगा सर्व स्वतः करतो’ असं एक वाक्य गेलं की मग आई काहीही सांगो.

आता मूळ योजना. एनडीआयएस म्हणजे राष्ट्रीय अपंगत्व विमा योजना. कायदा 2013 चा. त्याच वर्षी जुलैपासून काही भागांत प्रयोग सुरू झाला, 2016 पासून देशभर पसरत गेली आणि आता सात लाखांहून जास्त लोक तिच्यात आहेत. नावात विमा असला तरी हप्ता कुणी भरत नाही. पैसा सरकारी तिजोरीतला, केंद्राचा आणि राज्यांचा मिळून. त्यासाठीच 2014 मध्ये पगारावरचा मेडिकेअर नावाचा कर दीड टक्क्याचा दोन टक्के केला. म्हणजे तुमच्या जावयाच्या पगारातूनही थोडा जातोच. आईबापांचं उत्पन्न विचारत नाहीत. दारिद्र्यरेषेचा दाखला, तलाठ्याची सही, काही नाही. मात्र अर्जाच्या वेळी वय 65 च्या आत हवं आणि माणूस तिथला नागरिक किंवा कायमचा रहिवासी हवा. तात्पुरत्या व्हिसावर गेलेल्या आपल्या पोरांना ती मिळत नाही. हे इथे ठळक लिहितेय, कारण याच गैरसमजावर मला दोन पत्रं आली आहेत.

आणि ही पेन्शन नव्हे, काकू. काकांना हे आधी सांगा. तिकडे अपंगत्व पेन्शन वेगळी असते, ती वेगळ्या खात्याकडून येते आणि तिला उत्पन्नाची अटही असते. एनडीआयएसमध्ये मिळतो तो ‘प्लॅन’, म्हणजे गरजा लिहून त्यांच्यासमोर बाजूला काढलेली रक्कम. आपल्याकडे लग्नाच्या यादीत मांडवाचे वेगळे, आचाऱ्याचे वेगळे असे आकडे घालतात ना, तसं. रोजच्या मदतीचा एक कप्पा, थेरपीसारख्या शिकवण्याचा दुसरा, व्हीलचेअर किंवा घरातल्या फेरफारांचा तिसरा. थेरपीच्या कप्प्यातले पैसे डायपरला वापरता येत नाहीत. घरभाडं, किराणा, शाळेतलं शिकवणं, दवाखान्याचे उपचार यांतलं काहीच यातून भागत नाही.

पैसे हाताळायचे तीन प्रकार आहेत. सरकारी संस्था परस्पर बिल भरते, किंवा मधे एक ‘प्लॅन मॅनेजर’ असतो जो हिशेब ठेवून बिलं चुकती करतो, किंवा आईबाप स्वतः सांभाळतात आणि पावत्या जपून ठेवतात. तिन्हींत पैसा जातो तो सेवा देणाऱ्याला. म्हणून ‘हातात दमडी नाही.’

पुरत का नाही, ते बघू. वाचा-उपचार किंवा ऑक्युपेशनल थेरपीचा (रोजची कामं करायला शिकवणारी थेरपी) दर तासाला 190 डॉलरच्या वर आहे. 16,000 ला 194 ने भागा : जेमतेम 82 तास. आठवड्याला दीड तास झाला. त्यातच बाईंनी अहवाल लिहिला, त्याचे तास कापले. त्या घरी आल्या, तर येण्याजाण्याचा वेळही लावतात. उरलं काय? काकांचा रुपयांतला आकडा भरगच्च दिसतो, पण त्यातला एकही रुपया गंगावेशीत मोडायचा नाहीये.

‘सुटले नाहीत’ याचं उत्तर सोपं आहे. मे 2025 पासून नव्या प्लॅनची रक्कम टप्प्याटप्प्याने, बहुधा तीन-तीन महिन्यांची, खुली होते. पूर्वी वर्षाचं एकदम दिसायचं आणि काही घरांत ते सहा महिन्यांतच संपायचं. पैसे अडलेले नाहीत, तारीख यायची आहे. मात्र एकूण रक्कमच कमी पडतेय असं लेकीला वाटत असेल, तर निर्णयानंतर तीन महिन्यांच्या आत फेरविचाराचा अर्ज करता येतो. तिथेही नाही ऐकलं तर न्यायाधिकरण आहे. इंग्रजीची अडचण असेल तर दुभाषा फुकट मिळतो, पण तुमच्या लेकीला त्याची गरज नसावी.

आणखी एक कानावर घालते. ऑगस्ट 2025 मध्ये तिथल्या सरकारने जाहीर केलं की आठ वर्षांपर्यंतच्या, सौम्य ते मध्यम गरजेच्या मुलांसाठी ‘थ्रायव्हिंग किड्स’ नावाचा वेगळा कार्यक्रम आणणार. तुमचा नातू त्याच वयाचा. लेकीने त्याबद्दल प्लॅनच्या बैठकीत स्वतःहून विचारावं.

तुम्ही सांभाळलंत तर पैसे? नाही. घरच्या माणसाने सांभाळण्याचे पैसे ही योजना अगदी अपवाद सोडला तर देत नाही, आणि तुम्ही पाहुण्यांच्या व्हिसावर जाणार, म्हणजे कमाई करायचीच नाही. जा जरूर. तुम्ही घरात असलात की लेक दोन तास झोपेल.

पोराला इकडे आणायचं तर सहा आठवड्यांचं लक्षात ठेवा. तेवढे दिवस देशाबाहेर राहिलं तर प्लॅन चालू राहतो, पुढे तो स्थगित होऊ शकतो. आंबे खायला मे महिन्यात आणा, महिनाभर ठेवा आणि परत पाठवा.

आता सगळ्यात कामाची गोष्ट. 2019 मध्ये मी दोन महिने माझ्या धाकट्या बहिणीकडे ॲडलेडला होते. भाच्याचं निदान तुमच्या नातवासारखंच. तिच्या फ्रीजवर दोरीने बांधलेली एक शंभरपानी वही लटकायची. मला वाटलं दूधवाल्याची. उघडली तर : ‘मंगळवार. मोजे, 14 मिनिटं, दोनदा काढून फेकले. उजव्या मोज्याची शिवण बोचते म्हणून रडला. शाळेला 25 मिनिटं उशीर.’ पुढच्या पानावर जेवण. वरण भाताला लागलं म्हणून ताट ढकललं, पुन्हा कोरडा भात वाढला, बारा घास. मला राग आला. म्हटलं, लेकराच्या चुका कसल्या टिपून ठेवतेस? ती म्हणाली, ‘ताई, चुका नाहीत गं, ही माझी पावती आहे.’ बैठकीला तिने ती वही नेली. समोरच्या बाईंनी मोज्यांचं पान दोनदा वाचलं आणि विचारलं, हे रोज होतं? बहीण म्हणाली, शनिवार-रविवार सोडून, तेव्हा आम्ही मोजे घालत नाही.

काकू, तुम्ही जाताना बिंदू चौकातून तशी एक वही घेऊन जा. थेरपीवाल्या बाईंना लेकीच्या देखत परत एकदा फोन करा आणि सांगा, की मागच्या वेळी मी नातवाचं कौतुक केलं, आता खरं सांगते. अहवाल अजून गेला नसेल तर त्या नक्की बदलतील.

प्रश्न : मुलगी 19 वर्षांची, बौद्धिक दिव्यांग, दाखला 75 टक्के. मला किराणा दुकान आहे. आपल्याकडे परदेशासारखं काही आहे का?
– एक वडील, गडहिंग्लज

उत्तर : दादा, तसं एका छपराखाली काही नाही. केंद्राची दिव्यांग पेन्शन महिन्याला 300 रुपये आहे, तीही 80 टक्क्यांपासून पुढे आणि दारिद्र्यरेषेखालच्यांना. तुमची मुलगी पाच टक्क्यांनी राहिली. (तीनशे रुपयांत काय येतं, ते किराणा दुकानदाराला मी काय सांगणार.) संजय गांधी निराधारचे पैसे दिव्यांगांना ऑक्टोबर 2025 पासून महिन्याला 2,500 झालेत, 40 टक्क्यांपासून मिळतात, पण कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 50,000 च्या आत लागतं. दुकान असेल तर तिथेच अडेल.

तुम्हाला लागू पडेल ते ‘निरामय’. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाचा आरोग्य विमा, वर्षाला एक लाखापर्यंत. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी आहे, आधी वैद्यकीय तपासणी लागत नाही आणि थेरपीचा खर्चही त्यात बसतो. कुटुंबात कुणी जुन्या करप्रणालीने आयकर भरत असेल तर 80 डीडी म्हणून ओळखली जाणारी, उत्पन्नातून 75,000 ची वजावट आहे. तुमच्या गावच्या ग्रामपंचायतीला किंवा नगरपालिकेला स्वनिधीतले पाच टक्के दिव्यांगांवर खर्च करावेच लागतात. यंदा ते कशावर केले, ते लेखी विचारा. गप्प बसलात तर ते रस्त्याच्या दिव्यांत जातात.

आणि मुलगी 18 ची झाली, म्हणजे कायद्याने तुम्ही आता तिचे आपोआप पालक राहिला नाहीत. बँकेत खातं उघडायला गेलात की कळेल. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक स्तर समिती असते, तिच्याकडे 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली पालकत्वाचा अर्ज करा. स्वावलंबन कार्ड (दिव्यांगांचं यूडीआयडी ओळखपत्र), तिचा आणि तुमचा आधार, सगळ्याच्या दोन-दोन झेरॉक्स घ्या. एक प्रत त्यांच्याकडे द्या, दुसरीवर तारखेचा शिक्का मारून घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.