स्कुदेरिया म्हणजे पागा

प्रश्न असा आहे: 'फॉर्म्युला वनच्या बातम्यांत कधी नुसते "फेरारी" येते, तर कधी "स्कुदेरिया फेरारी". हे स्कुदेरिया म्हणजे संघ की कंपनी? मराठीत त्याला काय म्हणावे? आणि पोल पोझिशनमधला पोल म्हणजे खांबच का?'

स्कुदेरिया हा इटालियन शब्द आहे आणि त्याचा सरळ अर्थ पागा. आधी घोडे बांधायची जागा, मग एका मालकाचे शर्यतीचे घोडे, आणि मोटारी आल्यावर एका मालकाच्या शर्यतीच्या मोटारी, असा तो अर्थ सरकत गेला. फ्रेंच वार्ताहर मोटारशर्यतीच्या संघाला 'एक्युरी' म्हणतो, जर्मन 'रेनश्टाल' म्हणतो, तिथेही पागाच. इंग्रजीत 'टीम' रुळले. हा खेळ आपल्याकडे इंग्रजीतून आला, म्हणून आपण 'संघ' लिहू लागलो. संघ चूक नाही, रोजच्या बातमीला तोच बरा. पण स्कुदेरियाचा अर्थ सांगायचा असेल तर पागाच म्हणावे.

तबेला का नको? आज तबेला म्हटले की म्हशी डोळ्यांसमोर येतात. अश्वशाळा म्हटले की नुसती इमारत. पागा या शब्दात जागाही आहे आणि तिथले घोडे, स्वार, त्यांच्यावरचा हुकूमही आहे. 'पागेत घोडे बांधले' आणि 'पागा चालून गेली' ही दोन्ही वाक्ये मराठीत सहज बसतात. स्कुदेरियाचेही तसेच आहे. दोन भाषांतले शब्द इतके जुळताना क्वचित दिसतात.

मुळाशी गेले तर आणखी एक सुंदर गोष्ट हाती लागते. लॅटिनमध्ये 'स्कूटुम' म्हणजे ढाल. त्यावरून इटालियनमधला 'स्कुदिएरो', म्हणजे सरदाराची ढाल वाहणारा, आपला ढालाईत. धन्याचे घोडे सांभाळणे हेही त्याचेच काम, म्हणून त्याच्या नावावरून घोड्यांच्या जागेला स्कुदेरिया नाव पडले. आता आपला शिलेदार पाहा. अरबी 'सिलाह' म्हणजे हत्यार, त्याला फारसी 'दार' लागून झालेला शब्द. मूळ अर्थ नुसता हत्यारबंद माणूस. मराठीत तो स्वतःचे घोडे घेऊन चाकरीला येणारा स्वार झाला. या दोन शब्दांचे कूळ एक नाही, पण हत्यारापासून निघून दोघेही घोड्यापाशी पोचले. मला हे जेव्हा उमगले तेव्हा कितीतरी वेळ दुसरे काही सुचले नव्हते.

आता 'संघ की कंपनी' याकडे येतो. एन्झो फेरारी यांनी १९२९ साली इटलीतल्या मोदेना शहरात स्कुदेरिया काढली तेव्हा फेरारी नावाची मोटारच नव्हती. ते अल्फा रोमेओ या इटालियन कंपनीच्या गाड्या शर्यतीत उतरवत आणि हौशी धनिकांच्या गाड्यांची देखभाल करत. म्हणजे घोडे दुसऱ्याचे, खरारा आणि चंदी यांच्याकडे. शब्द अगदी मूळ अर्थाने लागू होता. १९३५ सालची जर्मन ग्राँ प्री, म्हणजे तिथली मोठी शर्यत, आठवा. नुर्बुर्गरिंगच्या शर्यतमार्गावर मर्सिडीज आणि ऑटो युनियन या जर्मन कंपन्यांच्या जोरकस गाड्या एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला जुन्या होत चाललेल्या अल्फा रोमेओत बसलेला ताझिओ नुव्होलारी. शेवटच्या फेरीत पुढे असलेल्या मर्सिडीजच्या फॉन ब्राउखिट्शचा टायर फुटला आणि नुव्होलारी जिंकला. गाडी अल्फाची, पागा फेरारीची. फेरारी नाव लावलेली पहिली मोटार आली ती १९४७ साली. म्हणून स्कुदेरिया हे कंपनीचे नाव नव्हे. ते शर्यतीत उतरणाऱ्या पथकाचे नाव.

हा शब्द फेरारीच्या एकट्याच्या मालकीचाही नाही. २००६ ते २०१९ या काळात 'स्कुदेरिया तोरो रोस्सो' नावाचा संघ होता. तोरो रोस्सो म्हणजे लाल बैल. मालक रेड बुल, त्यांच्याच नावाचे हे इटालियन रूप. २००८ साली इटलीतल्या मोंझाला सेबास्टियन फेटेल याच संघाकडून पहिल्यांदा जिंकला. पागेच्या नावात बैल चालला, यावरून शब्दाचा जुना अर्थ किती झिजला आहे ते दिसते. फेरारीच्या चिन्हावर मात्र मोदेनाच्या पिवळ्या रंगावर काळा घोडा अजून मागच्या पायांवर उभा आहे. पहिल्या महायुद्धातला वैमानिक फ्रान्चेस्को बाराक्का याच्या विमानावरून तो आला.

पागा म्हटल्यावर बारगीर आलाच. शिलेदाराचा घोडा स्वतःचा, बारगिराचा घोडा सरकारी. आजचे सगळे चालक बारगीर आहेत, आणि त्यांची अडचण या एका शब्दात जितकी नेमकी कळते तितकी 'करारबद्ध चालक' म्हणून कळत नाही. १२ मे २००२, ऑस्ट्रिया. फेरारीचा रुबेन्स बारिकेलो शर्यतभर पुढे होता. मागे त्याच पागेतला मिखाएल शूमाखर. वाट सोडायचा हुकूम आला. बारिकेलोने शेवटच्या वळणापर्यंत गाडी पुढेच ठेवली आणि अंतिम रेषेच्या अगदी तोंडाशी वेग कमी केला. शूमाखर जिंकला, प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. अशा हुकमाला जर्मनमध्ये शब्द आहे 'श्टालरेगी', म्हणजे पागेचा कारभार. २००३ पासून असे हुकूम देण्यावर बंदी आली, २०११ मध्ये ती उठली. घोडा ज्याचा, हुकूम त्याचा हे बारगिराला सांगावे लागत नसे. बारिकेलोलाही ते ठाऊक होते, म्हणूनच त्याने शेवटपर्यंत लावलेली ती ओढ पाहवत नाही.

शिलेदार या खेळातही होते. ब्रिटिश संघमालक रॉब वॉकर स्वतः गाडी बांधत नसत. विकत घेऊन आपल्या संघातर्फे उतरवत. १९६८ साली ब्रँड्स हॅच इथे जो सिफेर्ट हा चालक त्यांच्या लोटस बनावटीच्या गाडीत ब्रिटिश ग्राँ प्री जिंकला. इंग्रजीतल्या 'प्रायव्हेटियर'ला खासगी स्पर्धक वगैरे लिहिण्यापेक्षा शिलेदार संघ लिहावे, असे मला मनापासून वाटते. आता मात्र प्रत्येक संघाला गाडीचा सांगाडा स्वतः आरेखित करावा लागतो, त्यामुळे हा शब्द जुन्या काळापुरताच वापरता येईल.

पोलचे उत्तर: होय, खांबच, आणि तोही घोड्यांच्या शर्यतीतला. मैदानाच्या आतल्या कडेला अंतर दाखवणारे खांब असत. त्या कडेच्या घोड्याला वळणावर कमी धावावे लागे, म्हणून खांबालगतची जागा मोलाची. मोटारशर्यतीत पात्रता फेरीत सर्वांत वेगवान ठरलेल्याला मिळणारी पहिली जागा म्हणजे पोल. ती आतल्या कडेला असेलच असे नाही, आणि असली म्हणजे फायद्याची असेलच असेही नाही. १९९० साली जपानमधल्या सुझुका इथे आयर्टन सेनाला पोल मिळाली ती आतल्याच बाजूला. पण गाड्या त्या बाजूने जात नसत, त्यामुळे तिथे धूळ होती आणि टायरची पकड कमी. सेनाने जागा बदलून मागितली, ती मिळाली नाही. दुसऱ्या क्रमांकावरचा, फेरारीचा अलँ प्रोस्ट स्वच्छ बाजूने पुढे सरकला आणि पहिल्याच वळणावर दोघांची टक्कर झाली. तेव्हा पोलचे भाषांतर 'आतली जागा' असे करू नये. 'अग्रस्थान' म्हणावे तर शर्यत सुरू झाल्यावर पुढे असणाऱ्यालाही तोच शब्द लागतो. मी 'पोल' तसाच ठेवतो.