खाऱ्या वाऱ्यातली जुनी स्पोर्ट्स कार : वाचकांचे प्रश्न

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे एकाच विषयाची आणि एकाच किनाऱ्यावरची असल्यामुळे ती एकत्र घेतली आहेत. पहिल्या पत्राला अधिक जागा दिली आहे, कारण त्यात विचारलेल्या एका गोष्टीचा निकाल पावसाळ्यापूर्वी लावणे आवश्यक आहे.

प्रश्न : मी रत्नागिरीत मांडवीजवळ राहतो आणि माझा दवाखाना पालीला आहे. चार महिन्यांपूर्वी मी मर्सिडीज-बेंझ एसएलके २०० कॉम्प्रेसर ही दोन आसनांची, घडीच्या छताची गाडी पुण्याहून विकत घेतली. ती २०११ साली नोंदलेली असून ६८,००० किलोमीटर चाललेली आहे. गिअरबॉक्स पाच गिअरचा ऑटोमॅटिक आहे. रोज जाऊन-येऊन चाळीसेक किलोमीटर आणि महिन्यातून दोनदा आंबा घाटातून कोल्हापूर, असा वापर असतो. गाडी समाधानकारक आहे, परंतु ताशी ६० ते ७० च्या वेगात हलक्या पायाने चालवताना ती कधी कधी दोन-तीन सेकंद रंबलरवरून गेल्यासारखी थरथरते. गॅरेजमध्ये दाखवली असता ‘या गिअरबॉक्सचे ऑइल आयुष्यभराचे असते, ते बदलायचे नसते’ असे सांगण्यात आले. समुद्राकाठी अशी गाडी रोज वापरणे म्हणजे पांढरा हत्ती पोसणे आहे, असे घरच्यांचे मत आहे. ई-२० म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल आणि पंधरा वर्षांनंतरचे पासिंग यांचीही धास्ती वाटते. ही गाडी रोजची म्हणून ठेवावी काय? — एक डॉक्टर, रत्नागिरी

उत्तर : डॉक्टरसाहेब, गाडी अवश्य ठेवावी आणि रोजच वापरावी, मात्र गिअरबॉक्सचे काम याच महिन्यात करून घ्यावे. ‘आयुष्यभराचे ऑइल’ हा शब्दप्रयोग ऐकला की, कोणाचे आयुष्य, असे विचारण्याची सवय आपण लावून घेतली पाहिजे. आपल्या गाडीतला गिअरबॉक्स ७२२.६ या क्रमांकाने ओळखला जातो आणि तो १९९६ पासून वापरात आला. प्रारंभी त्याचे ऑइल बदलण्याची गरज नाही असेच कंपनीचे म्हणणे होते, परंतु पुढे तिनेच सुमारे ६०,००० किलोमीटरला ते बदलावे अशी सूचना केली. आपल्या गॅरेजवाल्याच्या कानावर त्यातला पहिला भागच गेलेला दिसतो.

थरथरीचे कारण बहुधा टॉर्क कन्व्हर्टरमध्ये आहे. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये क्लच-पेडलच्या जागी काम करणाऱ्या या गोल डब्यात पात्यांची दोन चाके समोरासमोर, ऑइलात बुडालेली असतात. एक फिरले की ऑइलाच्या जोरावर दुसरे फिरते, परंतु थोडे मागे राहून. ही घसर वाया जाऊ नये म्हणून आत एक लॉक-अप क्लच असतो, जो स्थिर वेगात दोन्ही बाजू जोडतो. या गिअरबॉक्समध्ये तो क्लच पुष्कळदा पूर्ण न आवळता किंचित घसरता ठेवलेला असतो, जेणेकरून इंजिनाचे हादरे केबिनमध्ये पोहोचू नयेत. म्हणजे त्याच्या अस्तराचे घर्षण सर्वस्वी ऑइलाच्या गुणधर्मावर अवलंबून असते. ऑइल जुने झाले किंवा त्यात पाण्याचा अंश शिरला की अस्तर अलगद घसरण्याऐवजी चिकटते-सुटते, चिकटते-सुटते, आणि तेच आपल्याला रंबलरसारखे जाणवते.

खात्री करून घेण्याचा उपाय सोपा आहे. रस्ता मोकळा असताना, थरथर सुरू होताच, उजवा पाय ॲक्सिलरेटरवर तसाच स्थिर ठेवून डाव्या पायाने ब्रेक फक्त दिवा लागेल इतपतच स्पर्शावा. ब्रेकची खूण मिळताच लॉक-अप सुटतो; थरथर त्याच क्षणी थांबली तर दोष तिथेच आहे असे समजावे. ती थांबली नाही तर गिअरबॉक्सला हात लावण्याआधी स्पार्क प्लग, इग्निशन कॉइल आणि टायर तपासून घ्यावेत.

आणखी एक गोष्ट आपण स्वतः पाहू शकता. बॉनेट उघडल्यावर मागच्या बाजूस गिअर ऑइलाच्या नळीला एक टोपी दिसेल. तिच्यात लहानशी प्लास्टिकची खुंटी असते आणि टोपी काढायची तर ती मोडावीच लागते. खुंटी जुनी, धुळीने माखलेली आणि शाबूत असेल, तर ऑइल आजवर कोणी पाहिलेलेसुद्धा नाही, बदलणे दूरच राहिले. टोपीखाली डिपस्टिक नसते. पातळी वेगळ्या मोजपट्टीने, गाडी सपाटीवर, इंजिन चालू, गिअर ‘पी’मध्ये (पार्किंग) आणि ऑइल ८० अंश सेल्सिअसला असताना मोजायची असते. ऑइल कमी पडले तर गिअर घसरतात हे सर्वांना ठाऊक असते, पण जास्त झाले तर ते घुसळून फेसाळते आणि परिणाम तोच होतो, हे अनेक फिटर विसरतात.

ऑइल मर्सिडीजच्या एमबी २३६.१४ या प्रमाणाचेच घ्यावे आणि फिल्टर व तळाच्या पॅनचे गॅस्केट सोबत बदलावे. पॅन उघडल्यावर सगळे ऑइल खाली येत नाही, कारण बराच भाग कन्व्हर्टरमध्ये अडकून राहतो. म्हणून काही हजार किलोमीटरनंतर हेच काम पुन्हा करणे श्रेयस्कर ठरते. त्याच वेळी गिअरबॉक्सच्या बाजूला असलेला तेरा पिनांचा विजेचा प्लगही बदलून घ्यावा. त्याच्या रबरी कड्या म्हातारपणी कडक होतात, ऑइल पाझरते आणि दिव्याच्या वातीत तेल चढावे तसे ते वायरिंगमधून वर चढत थेट गिअरबॉक्सच्या कंट्रोल युनिटपर्यंत पोहोचते. प्लग स्वस्त आहे, युनिट नाही.

घाटाविषयी आपण विचारलेले नाही, तरी लिहितो. आंबा घाट उतरताना गिअर ‘डी’मध्ये (ड्राइव्ह) ठेवून केवळ ब्रेकवर गाडी सोडण्याची चूक ऑटोमॅटिकचे पुष्कळ चालक करतात. आपल्या गाडीचा लिव्हर ‘डी’मधून डावीकडे टिचकावला की वरचा गिअर बंद होतो, दोन-तीनदा टिचकावून तिसऱ्यावर किंवा दुसऱ्यावर उतरावे, म्हणजे इंजिन गाडी धरून ठेवते. ‘एन’मध्ये, म्हणजे न्यूट्रलमध्ये, उतरणे सर्वथा वर्ज्य. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदलावे, कारण ते हवेतला ओलावा शोषते आणि पाणी शोषलेले ब्रेक ऑइल उतारावरच्या उष्णतेने उकळते. आपल्याकडे हवेत ओलाव्याची टंचाई कधी नसते. पावसात गिअरबॉक्सचा ‘एस’ऐवजी ‘सी’ म्हणजे कम्फर्ट मोड ठेवावा. त्यात गाडी दुसऱ्या गिअरवर उठते, आणि तांबड्या चिखलाने बुळबुळीत झालेल्या रस्त्यावर मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीला हा सौम्यपणा मानवतो.

आता समुद्र. मांडवीच्या खाऱ्या वाऱ्याने वरचा रंग खराब होईल ही भीती सर्वांना असते, परंतु रंग धुता येतो. खरी हानी खाली होते, जिथे जांभ्याची माती मिठाचा ओलावा धरून बसते: चाकांच्या कमानींच्या आतल्या कडा, ब्रेकच्या नळ्या, आणि मागच्या स्प्रिंगचा सर्वांत खालचा वेढा. पावसाळ्यात दर आठवड्याला साध्या गोड्या पाण्याने खालून धुणे, हाच याला उपाय. पावसाळ्याच्या तोंडावर काळे डांबरी कोटिंग मारून घेण्याची आपल्याकडे पद्धत आहे, पण ओल्या किंवा गंजू लागलेल्या पत्र्यावर ते मारले तर गंज आतल्या आत सुखाने वाढतो. उन्हाळ्यात, पत्रा पूर्ण कोरडा असताना, मेणयुक्त द्रव पोकळ भागांत सोडावा. डांबराच्या मी विरुद्ध आहे.

छत उघडताना-मिटताना बावीसेक सेकंद लागतात आणि त्याचे रबर व पाण्याच्या वाटा यांच्यावर केबिनचे कोरडेपण अवलंबून असते. भाट्याला सुरूच्या बनाजवळ गाडी उभी करण्याचा मोह टाळावा, कारण सुरूच्या सुया काचेच्या खालच्या पन्हळीत जाऊन बसतात. माझ्या स्वतःच्या जुन्या दोन आसनी गाडीत एका जुलै महिन्यात पायाखालची चटई उचलली तेव्हा खाली चार बोटे पाणी होते, आणि सगळा दोष मूठभर सुयांचा निघाला. दोन महिन्यांनी एकदा त्या वाटांत पेलाभर पाणी ओतून ते चाकामागून खाली पडते की नाही हे पाहावे. डिकीबद्दल सांगायचे तर छत वर लावलेले असताना ती सुमारे ३०० लिटरची आहे. छत घडी करून डिकीत घेतले की आंब्याची पेटी की मोकळे आकाश, यातले एकच निवडावे लागते.

पेट्रोलच्या बाबतीत ऑक्टेनची, म्हणजे पेट्रोल इंजिनात वेळेआधी न पेटण्याच्या क्षमतेची, चिंता करू नये. आपल्या इंजिनाला ९५ ऑक्टेन लागते आणि ई-२० पेट्रोल तेवढ्या प्रमाणाचे असते. प्रश्न रबराचा आणि पाण्याचा आहे. जुन्या इंधन-नळ्या व सील वीस टक्के इथेनॉल डोळ्यांसमोर ठेवून बनवलेले नाहीत, त्यामुळे त्या नळ्या वयाकडे पाहून आत्ताच बदलाव्यात आणि बॉनेटखाली पेट्रोलचा वास आल्यास गाडी पुढे नेऊ नये. इथेनॉल हवेतले पाणी ओढते. म्हणून पावसाळ्यात टाकी अर्ध्याखाली जाऊ देऊ नये आणि तेच पेट्रोल महिनोन्‌महिने टाकीत ठेवू नये. इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी असल्यामुळे सरासरी थोडी घटेल, ती मान्य करावी.

पासिंगची धास्ती मात्र रास्त आहे. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते आणि तपासणीनंतर पाच वर्षांसाठी नवी होते. एप्रिल २०२२ पासून साध्या हलक्या मोटारीला नूतनीकरणाचे शुल्क ५,००० रुपये, तर आयात केलेल्या चारचाकीला ४०,००० रुपये आहे. वीस वर्षांनंतर आयात गाडीसाठी ते २०२५ पासून ८०,००० झाले. त्यावर राज्याचा पर्यावरण कर वेगळा. आपल्या नोंदणी पुस्तकात गाडी ‘आयात’ म्हणून लिहिलेली आहे काय ते आजच पाहावे. मुदत संपण्याच्या साठ दिवस आधीपासून अर्ज करता येतो. दहा-पंधरा वर्षांवरील गाड्यांवरील बंदीच्या बातम्या आपण वाचल्या असतील, तर त्या दिल्ली परिसराच्या आहेत.

पांढऱ्या हत्तीबद्दल घरच्यांना एवढेच सांगावे की आपला रोजचा वीस किलोमीटरचा पल्ला या गाडीला बाजारहाटाच्या दोन-दोन किलोमीटरांपेक्षा पुष्कळ मानवणारा आहे, कारण तेवढ्या अंतरात इंजिन आणि गिअरबॉक्स पूर्ण तापतात आणि आतला ओलावा उडून जातो. तरीही जुलैत पाणी भरणाऱ्या दिवसांसाठी घरात दुसरे वाहन असावे; दवाखान्यात रुग्ण वाट पाहत असताना या गाडीला पाण्यात घालणे योग्य नव्हे.

प्रश्न : मी गुहागरला राहतो आणि कामासाठी तवसाळहून जंगलजेटीने (गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीने) जयगडला उतरतो. माझी २००९ ची ऑडी टीटी फेरीबोटीच्या फळीवर चढताना पुढून घासते, आणि हल्ली रांगेत हळूहळू सरकताना हिसके देते. तिचा एस ट्रॉनिक गिअरबॉक्स म्हणजे ऑटोमॅटिकच ना? — एक हॉटेल व्यावसायिक, गुहागर

उत्तर : पेडल दोनच असल्यामुळे तो ऑटोमॅटिक वाटतो, परंतु आत टॉर्क कन्व्हर्टर नाही, ऑइलात बुडालेले दोन क्लच आणि सहा गिअर आहेत. कन्व्हर्टरवाली गाडी चढावर ऑइलाच्या आधाराने तरंगल्यासारखी सरकते, आपली गाडी मात्र तेच काम क्लच घासून करते. जेटीच्या उतारावर ॲक्सिलरेटरवर पाय ठेवून गाडी तोलून धरणे म्हणजे क्लच जाळणे होय. थांबायचे तर ब्रेकवर थांबावे, पुढची गाडी बोटीत गेल्यावरच एका दमात निघावे. या गिअरबॉक्सचे ऑइल आणि फिल्टर ६०,००० किलोमीटरला बदलायचे असतात. हिसक्यांची चौकशी तिथूनच सुरू करावी.

घासण्याचे कारण असे की धक्क्याचा उतार खाली येतो आणि बोटीची फळी तिथून वर वळते, त्या कोपऱ्यात गाडीचे नाक टेकते. ओहोटीला धक्क्याचा शेवाळलेला भाग उघडा पडतो आणि चाकेही घसरतात. शक्य असेल तेव्हा भरतीच्या सुमारास जावे. जागा असल्यास थोडे तिरके चढवावे, आणि दीड इंच जाडीच्या दोन फळ्या डिकीत ठेवून त्या पुढच्या चाकांखाली सरकवाव्यात. बोटीत उभे राहिल्यावर आधी पार्किंग ब्रेक लावावा, मग ब्रेकवरचा पाय काढून गाडी त्यावर बसू द्यावी आणि त्यानंतरच ‘पी’ टाकावा. अन्यथा हेलकाव्यांचा सगळा भार गिअरबॉक्समधल्या बोटाएवढ्या खिट्टीवर येतो.

प्रश्न : पावसाळ्याचे तीन महिने गाडी ताडपत्रीने झाकून ठेवणे चांगले की वाईट? — एक वाचक, मालवण

उत्तर : वाईट. ताडपत्रीखाली घाम धरतो, आसनांच्या कातड्यावर बुरशी येते आणि उंदीर वायरिंग कुरतडतात. पडवीत किंवा पत्र्याच्या शेडमध्ये, हवा खेळती राहील अशी, न झाकता ठेवावी, टायरमध्ये हवा नेहमीपेक्षा थोडी जास्त भरावी आणि आठवड्यातून एकदा एसी लावून किमान वीस किलोमीटर फिरवून आणावी. नुसते उभ्या जागी इंजिन सुरू करून बंद करणे टाळावे. सायलेन्सरमध्ये पाणी साचते आणि गिअरबॉक्स थंडच राहतो.