14 वर्षांच्या मुलीच्या पाठीला 54 डिग्रीचा बाक, पण दुखत नाही. फ्यूजनचं ऑपरेशन करावं का?

ताई, तुमचा प्रश्न लांबलचक आहे, त्यातलं कामाचं तेवढं आधी मांडते. मुलगी नववीत, पाळी येऊन वर्ष झालेलं. बाक छातीच्या मणक्यांत, उजवीकडं. आठ महिन्यांपूर्वी 46 डिग्री होता, आता 54. पाठ दुखत नाही, पळते, सायकल मारते. पुण्याच्या स्पाइन सर्जननी रॉड-स्क्रू घालून मणके जोडायला, म्हणजे फ्यूजन करायला सांगितलंय. सासरे म्हणतात, मणक्याला हात लावला की माणूस अंथरुणाला खिळलाच. आणि तुमचं स्वतःचं म्हणणं, दुखत नाही तर पोरीला कशाला कापायचं?

मी कोल्हापूरचीच, मंगळवार पेठेतली. माझं हेच ऑपरेशन अकरावीच्या सुट्टीत झालं. मी डॉक्टर नाही. पण ओळखीतून ओळखीतून आयांचे फोन येत राहतात, त्यामुळं घराघरांतले वाद आता ऐकून तोंडपाठ झालेत. तुम्ही दिलेल्या आकड्यांवर माझं मत ‘करून घ्या’ असं आहे. घाई मात्र नको. चार-दोन महिने थांबून नीट विचारपूस केल्यानं काही बिघडत नाही, दोन-तीन वर्षं रेंगाळलात तर बिघडतं.

दुखतंय की नाही, यावर हा निर्णय ठरतच नाही. या वयात बाक बऱ्याचदा फारसा दुखत नाही, म्हणूनच घरात कुणाच्या लक्षात येत नाही. ठरतं ते तीन गोष्टींवर: बाक किती, उंची वाढायची किती राहिली आणि बाक कण्यात कुठं आहे. एक्स-रेवर रेघा मारून जे मोजतात त्याला कॉब अँगल म्हणतात. 10 डिग्रीच्या पुढं त्याला स्कोलिओसिस म्हणतात, वाढत्या वयात 25 ते 40च्या दरम्यान ब्रेस (धडाला बांधायचा कडक पट्टा), आणि 45-50च्या पुढं ऑपरेशनचा विषय निघतो. यात एक गोम आहे. तोच एक्स-रे दोघांनी मोजला तर चार-पाच डिग्रीचा फरक सहज पडतो, त्यामुळं 47 की 51 यावर भांडण्यात अर्थ नाही. तुमच्या मुलीचा फरक आठ डिग्रीचा आहे. तो मोजण्यातला घोळ वाटत नाही, बाक खरंच सरकतोय. दोन्ही फिल्म एकाच माणसाकडून शेजारी शेजारी ठेवून मोजून घ्या, म्हणजे शंका राहणार नाही.

लहान बाक उंची थांबली की बहुतेक वेळा तिथंच राहतो. छातीतला बाक 50 डिग्रीच्या पुढं गेला की मात्र मोठेपणीही थांबत नाही, सरासरी वर्षाला एक डिग्रीच्या आसपास सरकत राहतो. आज 54 असेल तर ती चाळिशीला पोचेल तेव्हा किती, हे तुम्हीच मांडून बघा. तेव्हा कणा ताठर झालेला असतो आणि तेच ऑपरेशन जास्त मोठं, जास्त रक्त जाणारं होतं.

दुसरी बाजू झाकून ठेवायची नाही मला. ऑपरेशन न केलेल्या रुग्णांचा अमेरिकेतल्या आयोवा राज्यात 50 वर्षं पाठपुरावा केला होता आणि त्याचे निष्कर्ष 2003 मध्ये आले. त्यातली बहुतेक माणसं नोकरी-संसार करून नीट जगली. पाठदुखी इतरांपेक्षा जास्त होती, आपल्या दिसण्याबद्दल नाराजी होती, आणि छातीतला बाक 80 डिग्रीच्या पुढं गेलेल्यांना धाप लागण्याचा धोका जास्त होता. म्हणजे नाही केलं तर पोरगी संपली, असं कुणी म्हणत असेल तर ते भीती घालणं झालं. पण 80 हा आकडा तिच्या वाटेवर येऊ शकतो, हेही तितकंच खरं.

सासऱ्यांच्या भीतीला ‘काही होत नाही हो’ म्हणून उडवू नका. मणक्याजवळून मज्जारज्जू जातो, धोका आहे. तिच्यासारख्या एरवी ठणठणीत मुलांमध्ये नसांना इजा होण्याचं प्रमाण शंभरात एकाहून कमी असतं. जंतुसंसर्ग शंभरात एखाद-दुसऱ्याला होतो, आणि पुढं कधी स्क्रू ढिला झाला, हाड नीट जुळलं नाही म्हणून काहींना परत टेबलावर जावं लागतं. सर्जनना सरळ विचारा: ऑपरेशन चालू असताना न्यूरोमॉनिटरिंग असतं का? यात हातापायांना इलेक्ट्रोड लावून मज्जारज्जूतले संदेश पूर्ण वेळ तपासत असतात, गडबड दिसली तर रॉडचा ताण तिथल्या तिथं सैल करता येतो. ‘त्याची गरज नसते’ असं उत्तर आलं तर मी तिथून उठेन. वर्षाला अशी किती ऑपरेशनं करता, हेही विचारा. चांगल्या सर्जनला या प्रश्नाचा राग येत नाही.

आणि मुलीला तालमीत न्यायचा जो सल्ला तुम्हाला मिळालाय, तो. ‘वस्तादांकडं न्या, दोन झटक्यांत बसवतील’ हे आमच्याकडंही तीन-चार जणांनी सांगितलं होतं. निखळलेला खांदा बसवणं वेगळं. इथं मणके आपल्या जागीच असतात, वाढताना ते पिळवटून फिरलेले असतात, झटका देऊन काय बसवणार? मालिश, लटकणं, योगासनं यांनी 54चा बाक सरळ होत नाही. या टप्प्यावर ब्रेसचीही वेळ गेलेली आहे. दप्तराच्या ओझ्यानं किंवा वाकून बसल्यानंही हे झालेलं नाही, तेव्हा तुम्ही स्वतःला बोल लावणं आधी बंद करा.

आता ज्याबद्दल फोनवर जवळजवळ कुणीच विचारत नाही, ते. फ्यूजन कोणत्या मणक्यापासून कोणत्या मणक्यापर्यंत करणार? रॉडची लांबी आणि टाके किती, हे सगळे विचारतात. खालचा शेवटचा मणका कुठला, हे विचारा. पुढची पन्नास-साठ वर्षं त्यावर जायची आहेत. छातीचे मणके मुळात फारसे वाकत नाहीत, फासळ्यांनी जखडलेले असतात, ते जोडले तर रोजच्या जगण्यात फार कमी जाणवतं. आपण वाकतो ते कंबर आणि खुबे यांच्या जोरावर. कमरेचा जो जो मणका फ्यूजनमध्ये जातो तेवढं वाकणं जातं, आणि खाली उरलेल्या मणक्यांमधल्या थोड्या चकत्यांवर भार वाढतो. माझं काम कमरेच्या पहिल्या मणक्यावर थांबलं, म्हणून मी आज खाली बसून भाकरी थापते, पंगतीला बसते. चौथ्या मणक्यापर्यंत गेलं असतं तर हे उत्तर मी वेगळं लिहिलं असतं. तुमच्या मुलीचा बाक छातीत आहे, ही तिच्या बाजूची गोष्ट. पण थांबायला दोन वर्षं घालवली आणि छातीतल्या बाकाला तोलायला खाली कमरेत होणारा उलटा बाकही कडक झाला, तर फ्यूजन आणखी खाली न्यावं लागू शकतं.

मला काय जमत नाही? पाठ गोल करून पुढं झुकता येत नाही. पलंगाखाली गेलेली वस्तू काढायची तर अख्खी झोपून काढते. स्कूटर चालवते, पण मागचं बघायला मान पुरत नाही, आरसेच लागतात. व्रणाच्या कडेचा थोडा भाग अजून बधिर आहे. बाळंतपणात सिझर झालं तेव्हा भूलतज्ज्ञ बाईंनी व्रणाचं खालचं टोक बोटानं चाचपलं, एक्स-रे परत पाहिला आणि त्याच्या खाली सुई दिली, काही अडचण आली नाही. तिथंही शेवटचा मणका कामाला आला.

पहिला आठवडा वाईट असतो, गोड करून सांगत नाही. पहिल्या रात्री दोन सिस्टर चादरीला धरून ओंडक्यासारखं एका दमात कुशीवर वळवतात, आणि त्या क्षणी ‘कशाला केलं हे’ असं वाटतंच. दुसऱ्या दिवशी मात्र उभं करतात. साधारण आठवड्यात घर, महिना-दीड महिन्यात शाळा. हाड पक्कं जुळायला सहा महिने ते वर्ष लागतं, तोवर जड उचलणं, पिळणं, उड्या बंद. पुण्याहून परत येताना गाडीची पुढची सीट मागं पाडून घ्या, खंबाटकीच्या वळणांना ड्रायव्हरला हळू घ्यायला सांगा आणि साताऱ्याला उतरवून चालवा. कमोड नसेल तर आधीच बसवून घ्या.

दुसरं मत जरूर घ्या, मिरज आहे, मुंबई आहे. जाताना उभ्यानं काढलेला पूर्ण कण्याचा एक्स-रे न्या. झोपवून काढलेल्यात बाक कमी दिसतो. एमआरआयही विचारून घ्या, मज्जारज्जूत काही दोष नाही ना हे आधी कळायला हवं.

खर्चाचं म्हणाल तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेत हे बसतं का, ते त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्रांना विचारा. मंजुरी ऑपरेशनच्या आधी घ्यावी लागते. धर्मादाय रुग्णालयांत 10 टक्के खाटा निर्धन आणि 10 टक्के दुर्बल घटकांतल्या रुग्णांसाठी राखीव असतात, उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढून ठेवा.

तुमच्या प्रश्नात सासरे आहेत, मिस्टर आहेत, ‘लग्न कसं जमणार’ म्हणणाऱ्या नणंदबाई आहेत. मुलगी कुठंच बोलत नाही. तिला एक्स-रे दाखवा, सर्जनसमोर एकटीला दहा मिनिटं बसू द्या. व्रण मानेखालून कमरेपर्यंत येणार, तो तिच्या पाठीवर. तिनं ठामपणे नको म्हटलं तर सहा महिन्यांनी परत मोजून परत बोला. बळजबरीनं टेबलावर चढवलेली मुलगी नंतरचे व्यायाम करत नाही, हे मी पाहिलंय.

आणि तुमच्या धाकट्या मुलीकडं आजच बघा, सख्ख्या भावंडांत हे निघण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते. पाठ उघडी, पाय जुळलेले, गुडघे ताठ, हात जोडून पुढं वाकायला सांगा. तुम्ही मागं बसा, डोळे तिच्या पाठीच्या पातळीला आणा. एका बाजूच्या फासळ्या वर उचललेल्या दिसल्या तर लगेच दाखवा. तिच्या वयात ब्रेसचा खरा उपयोग आहे. 2013 मध्ये आलेल्या अमेरिका-कॅनडातल्या अभ्यासात ब्रेस वापरणाऱ्या 72 टक्के मुलांचा बाक वाढ संपेपर्यंत 50 डिग्रीच्या आत राहिला, न वापरणाऱ्यांत 48 टक्के. आणि जितके तास जास्त घातला तितका गुण जास्त. काहीच दिसलं नाही तरी तिला पाळी येऊन दोन वर्षं होईपर्यंत दर सहा महिन्यांनी असंच वाकवून बघत राहा.