चार हजार रुपये आणि आठ दिवस

प्रश्न : प्रभूच्या नावाने सलाम. मी पुण्यात हडपसर भागात राहतो आणि आमच्या ख्रिस्ती मंडळीचा (चर्चचा) खजिनदार आहे. हंगामाच्या सणात अर्पण आलेल्या वस्तूंच्या लिलावातून जमलेल्या रकमेतले ४,००० रुपये मी मुलाच्या फीसाठी वापरले आणि पगार होताच, आठव्या दिवशी, परत ठेवले. वहीत कोठेही फरक पडला नाही. उपासनेपूर्वी मंदिर झाडणे, सतरंज्या घालणे ही कामे मी वर्षानुवर्षे करतो. परंतु नाताळच्या कार्यक्रमात आभार मानताना माझे नाव राहून गेले, तेव्हा मनाला फार लागले. सेवकाचे मन आपल्यात कसे घडवावे? आणि परत केलेल्या पैशांविषयी आता बोलणे आवश्यक आहे काय?

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण पहिल्याची वाट त्यातूनच जाते. होय, सांगावे लागेल. उसने घेणे म्हणजे ज्याचे आहे त्याला विचारून घेणे; येथे मंडळीला कोणी विचारलेच नाही. जुन्या करारात सचोटीसाठी जो इब्री (हिब्रू) शब्द येतो, त्याचा मूळ अर्थ पूर्णपणा असा आहे. वहीतला माणूस आणि घरातला माणूस वेगवेगळे झाले की हा पूर्णपणा जातो, मग बेरीज जुळली तरीही.

यरुशलेमेतील गरजू विश्वासणाऱ्यांसाठी वर्गणी जमली, तेव्हा प्रेषित पौलाने ती एकट्याने नेण्याचे टाळले. मंडळ्यांनी निवडलेला एक बंधू सोबत घेतला आणि करिंथकरांना दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात त्याचे कारणही लिहिले : जे योग्य ते केवळ प्रभूसमोर नव्हे, तर माणसांसमोरही योग्य दिसावे. ‘माझा देव जाणतो’ हे आपल्या बैठकांतून वारंवार ऐकू येणारे वाक्य बहुधा हिशेब दाखवायचा नसतो तेव्हाच उच्चारले जाते, असे मला स्पष्टपणे म्हणावेसे वाटते. रोकड एका माणसाच्या घरी आठ दिवस राहू शकते, हा दोष आपल्या एकट्याचा नाही. अर्पण दोघांनी मोजावे, दोघांनी सही करावी आणि रक्कम सोमवारी बँकेत जावी, अशी सूचना आपणच मांडावी. पण आधी स्वतःची गोष्ट सांगून, नाही तर ती सूचना आडपडदा ठरेल.

आता सेवकाच्या मनाविषयी. योहानाच्या तेराव्या अध्यायात येशू भोजनावरून उठून शिष्यांचे पाय धुतो, तेव्हा त्याला पुढे धरून देणारा शिष्य यहूदाही तेथेच असतो. सर्वांची थैली त्याच्याकडे असे आणि तो तिच्यातले घेत असे, हे त्याच शुभवर्तमानात आधी आलेले आहे. आपण मात्र या प्रसंगात दुसरा शिष्य पेत्र याच्याकडे पाहावे. ‘माझे पाय तू कधीही धुणार नाहीस’ असे तो म्हणतो, आणि ऐकताना ती नम्रता वाटते. येशू ती तशी मानत नाही. झाडू हातात घेणे आपल्याला जमले आहे. आपली धूळ दुसऱ्याला दिसू देणे जमलेले नाही, आणि माझ्या मते सेवकपणाचा तोच अधिक अवघड भाग आहे.

नाव राहून गेल्याचे दुःख मी फार मोठे मानत नाही. माणसाला ते होतेच. पुणे–सोलापूर लोहमार्गावरच्या केडगावला एकदा जाऊन यावे. तेथे पंडिता रमाबाईंनी इब्री आणि ग्रीक शिकून, साध्या बायामाणसांना कळेल अशा मराठीत बायबलचे भाषांतर करण्यात कित्येक वर्षे घालवली. १९२२ साली त्या वारल्या आणि संपूर्ण ग्रंथ प्रसिद्ध झाला तो १९२४ साली. आभाराच्या यादीची वाट पाहत हे काम झाले नसते.

मंडळीच्या समितीपुढे जाण्यापूर्वी पाळकसाहेबांना (पास्टरांना) एकांतात भेटावे. समितीने खजिनदारपद काही काळ दुसऱ्याकडे दिले तर वाद घालू नये, आणि रविवारी नेहमीप्रमाणे सतरंज्या घालण्यास यावे. आपल्या पत्नीला हे ठाऊक आहे किंवा नाही, याचा पत्रात उल्लेख नाही. ठाऊक नसेल, तर पाळकसाहेबांच्याही आधी त्यांना सांगावे.