स्लायडर बसवायचे, पण गाडी वडिलांच्या नावावर

प्रश्न: माझी फोर बाय फोर गाडी वडिलांच्या नावावर आहे, चालवतो मात्र मीच. कर्ज अजून फिटलेलं नाही आणि वॉरंटीही थोडी शिल्लक आहे. सुट्टीला खडकाळ वाटांवर जातो. मागच्या खेपेला साइड स्टेप दगडावर टेकली, वर दुमडली आणि दाराखालचा पत्रा चेपून गेली. ग्रुपमधले सगळे म्हणतात, रॉक स्लायडर बसव, म्हणजे दाराखाली गाडीच्या सांगाड्याला लावायचे जाड पाइप. फॅब्रिकेटर म्हणतो, चासीला वेल्डिंग करून देतो, जन्मात हलणार नाहीत. सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात, वॉरंटी जाईल. एका मित्राला पुढच्या बंपर गार्डवरून चलान बसलं, तेव्हापासून वडील काहीच लावू देत नाहीत. साइड स्टेप लावलेल्या इतक्या गाड्या फिरतात, मग स्लायडरच बेकायदेशीर कसे? पुढे एका ऑफ-रोड स्पर्धेतही उतरायचं आहे. काय करू?

उत्तर: वडिलांचं म्हणणं आधी घेतो, कारण यात काही वाकडं झालं तर कायदा पहिल्यांदा त्यांच्याच दाराशी येणार. मोटार वाहन कायदा, १९८८ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीने कलम १८२-अ आलं. त्याच्या पोटकलम ४ प्रमाणे कायद्याला किंवा नियमांना मंजूर नसलेला बदल गाडीत केला, मग तो बाहेरून भाग बसवून का असेना, तर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. ही शिक्षा गाडीच्या मालकाला आहे. स्टिअरिंगवर कोण होतं, स्लायडरचे पैसे कोणी भरले, याला तिथे महत्त्व नाही. आरसीवर ज्याचं नाव, त्याच्या नावाने कागद येणार. दाराखाली पाइप लावला म्हणून कोणी तुरुंगात गेल्याचं माझ्या पाहण्यात नाही, पण कायद्यात ती तरतूद आहे. त्यामुळे वडिलांना न विचारता गाडी गॅरेजला लावू नका, आणि ते नाही म्हणाले तर विषय तिथेच संपवा.

(दोन बाजूंचे दोन स्लायडर म्हणजे एक बदल की दोन, हा वाद मी आनंदाने घालीन. पण तुमच्या वडिलांना त्यासाठी तारखेला उभं करायची माझी इच्छा नाही.)

आता मूळ प्रश्न. 'रॉक स्लायडर लावायचे नाहीत' असं कायद्यात कुठे लिहिलेलं नाही. 'लावा' असंही नाही. मोजमाप करायचं ते कलम ५२ ने. आरसीवर नोंदलेली माहिती उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल, असा बदल मालकाने करायचा नाही, असं ते कलम सांगतं. त्याच कलमाखालच्या स्पष्टीकरणात बदलाची व्याख्याही आहे: गाडीच्या रचनेतला असा फेरफार, ज्याने तिचं मूळ वैशिष्ट्य बदलतं. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कलम कडक वाचलं. उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाला छेद देणारा बदल चालणार नाही, हा त्या निकालाचा गाभा.

तुमच्या बाजूने युक्तिवाद चांगला आहे. बोल्टने आवळलेला, पाने घेऊन तासाभरात उतरवता येणारा पाइप गाडीचं मूळ वैशिष्ट्य बदलत नाही. इंजिन तेच, बॉडी तीच, आसनं तेवढीच, व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर, तोच. समोरचा वकील मात्र आरसीवरच्या एका रकान्यावर बोट ठेवेल, तो म्हणजे रिकाम्या गाडीचं वजन. जाड पाइपची जोडी ब्रॅकेटसकट सहज तीस-चाळीस किलो भरते. तेवढ्यावर केस उभी राहील असं मला वाटत नाही, पण त्याला बोलायला जागा मिळते हे खरं.

मित्राच्या चलानाची गोष्ट निराळी आहे. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना पत्र पाठवून क्रॅश गार्ड आणि बुल बार हे कलम ५२ चं उल्लंघन असल्याचं कळवलं आणि कारवाई करायला सांगितलं. पादचाऱ्याला ते जास्त घातक ठरतात आणि गाडीतल्या माणसांच्याही सुरक्षेला बाधा आणतात, हे त्यामागचं कारण. पुढच्या टकरीचा जोर बंपरपासून टप्प्याटप्प्याने जिरावा आणि एअरबॅग वेळेवर उघडावी अशी गाडीची रचना असते, लोखंडी गार्ड नेमका त्याच्या आड येतो. स्लायडर पुढे नसतात, दोन चाकांच्या मध्ये दाराखाली असतात, म्हणून ते पत्र जसंच्या तसं त्यांना लागू होत नाही. पण रस्त्यावर उभ्या असलेल्या हवालदाराला हा फरक पटवायची जबाबदारी तुमची. आणि चलान भरलंत तर ते प्रकरण मिटतं, स्लायडरला परवानगी मिळत नाही. पुढच्या नाक्यावर दुसरं चलान होऊ शकतं.

साइड स्टेपशी तुलना तुम्ही केलीत, तर त्यातला फरकही समजून घ्या. स्टेप पाय ठेवण्यापुरती असते. पातळ नळी, पातळ ब्रॅकेट, माणसाचं वजन पेललं की झालं. गाडी दगडावर बसली की ती वर दुमडते आणि स्वतःच पत्र्यात घुसते, तुमचं तेच झालं आहे. स्लायडर चासीवरून येतो आणि गाडीचा भार त्यावर टेकला तरी वाकू नये असा बनवलेला असतो. तरीही स्टेप बऱ्याचदा कंपनीच्याच ॲक्सेसरीच्या यादीत असते, डीलरच्या बिलावर चढते, म्हणून तिच्याकडे कोणी वळून बघत नाही. तेव्हा पहिलं काम हे करा: तुमच्या मॉडेलसाठी कंपनीचे स्वतःचे किंवा कंपनीने मान्य केलेले स्लायडर आहेत का ते पाहा. असतील तर तेच घ्या, डीलरकडेच बसवा, बिल जपून ठेवा. वॉरंटी, विमा आणि नाक्यावरची हुज्जत, तिन्हीकडे तो एक कागद उपयोगी पडेल.

नसतील तर बाहेरचे घ्यावे लागतील. आणि इथे मी तुमच्या फॅब्रिकेटरच्या ठाम विरोधात आहे. चासीला वेल्डिंग नको.

बोल्टचा स्लायडर उद्या काढता येतो. काढला की गाडी होती तशी झाली, असं मी तुमच्या वतीने म्हणू शकतो. वेल्डिंगनंतर ते म्हणता येत नाही, कारण ग्राइंडरने टाका कापला तरी चासीवर खूण उरते. रचनेत फेरफार झाला की नाही या वादात ती खूण म्हणजे समोरच्याला आयता मिळालेला पुरावा. शिवाय वेल्डिंगच्या उष्णतेने त्या जागेच्या पोलादाचा गुण बदलतो, आतल्या बाजूचा गंजरोधक लेप जळतो, आणि बॅटरी न सोडता वेल्डिंग केलं तर इलेक्ट्रॉनिक्सला धक्का बसू शकतो. यातलं काहीही झालं की वॉरंटीचा विषय कंपनीने जिंकलाच म्हणून समजा.

आणखी एक गोष्ट फॅब्रिकेटर कधी सांगत नाही. गाडी विकाल तेव्हा चासी प्रिंट लागते. एजंट कागदाची पट्टी चासीवरच्या कोरलेल्या नंबरवर धरतो, वरून पेन्सिल फिरवतो आणि आकडे कागदावर उमटतात. लॅडर फ्रेमच्या, म्हणजे शिडीसारखी वेगळी चासी असलेल्या, बऱ्याच गाड्यांत हा नंबर फ्रेमच्या बाजूच्या पट्टीवरच असतो. त्याच्या आसपास ग्राइंडर फिरला, टाक्याचे थेंब उडाले किंवा ब्रॅकेट बसला आणि एखादा आकडा पुसट झाला, तर प्रश्न स्लायडरपुरता राहत नाही. चासी नंबरशी छेडछाड केल्याचा संशय येतो, आणि त्याचा खुलासा देताना वडिलांना नाकी नऊ येतील. काम बोल्टचं असलं तरी सुरू व्हायच्या आधी नंबरचा स्वच्छ फोटो काढून ठेवा.

म्हणून बाहेरचे स्लायडर घेणार असाल तर चासीवर कंपनीने आधीच पाडलेल्या भोकांत बसणारे घ्या. नवीन भोक पाडू देऊ नका. पाइप बॉडीच्या कडेबाहेर शक्यतो येऊ नये, टोकं बंद आणि गोलाई दिलेली असावीत. काही स्लायडरचा मागचा भाग मुद्दाम बाहेर वळवलेला असतो, म्हणजे वळताना गाडी दगडापासून ढकलली जाते. खडकात तो कामाचा आहे, पण गर्दीच्या रस्त्यावर दुचाकीवाल्याच्या पायाला तोच लागेल. उद्या कोणी जखमी होऊन मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात गेला, तर तिथे पहिला फोटो त्या टोकाचा लागेल. आणि पक्कं बिल घ्या. ब्रॅकेट तुटून नुकसान झालं तर ग्राहक आयोगात फॅब्रिकेटरविरुद्ध दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, पण बिलाशिवाय काम त्यानेच केलं हे सिद्ध करताना दमछाक होते.

सर्व्हिस सेंटरचं 'वॉरंटी जाईल' हे तोंडी वाक्य मी फार मनावर घेत नाही. त्यांना ईमेल करा: कुठल्या अटीखाली, गाडीच्या कुठल्या भागाची वॉरंटी जाईल, ते लिहून द्या. स्लायडर लावल्यावर चासीची किंवा गंजाची वॉरंटी नाकारली तर त्यात तर्क आहे. एसीचा कॉम्प्रेसर बिघडला आणि कारण म्हणून स्लायडर दाखवला, तर ते ग्राहक आयोगात टिकणं कठीण. लेखी उत्तर मागितलं की या मंडळींची भाषा बरीच मवाळ होते. कर्जाचा करारही एकदा काढून वाचा. बदलाला बँकेची लेखी संमती हवी असं कलम त्यात असेल तर ती मागा.

विम्याचे दोन भाग वेगळे धरा. तुमच्या गाडीने दुसऱ्याला इजा झाली तर कंपनीला हात झटकायची कारणं कायद्याने मोजकीच दिली आहेत, कलम १५० मध्ये. 'गाडीत बदल केला' हे त्यांत नाही. मात्र महत्त्वाची माहिती लपवून पॉलिसी घेतली, हे आहे. म्हणून नूतनीकरणाच्या अर्जात बदलांविषयी प्रश्न असेल तर खरं लिहा, आणि नसेल तरी बिल जोडून कळवा. इलेक्ट्रिकल नसलेली ॲक्सेसरी म्हणून स्लायडरची किंमत पॉलिसीत वाढवून घेता येते. तेवढा हप्ता वाढेल, वाढू द्या.

स्वतःच्या गाडीच्या नुकसानीत सर्व्हेअरचा, म्हणजे नुकसान तपासायला येणाऱ्याचा, अहवाल महत्त्वाचा. मागून कोणी ठोकलं आणि क्लेम स्लायडरवरून फेटाळला, तर लढा. अपघाताचा आणि त्या पाइपचा संबंध काय, हे कंपनीने दाखवायला हवं. पॉलिसीच्या अटीचा भंग मूलभूत नसेल तर क्लेम पूर्ण नाकारू नये, काही टक्के कापून द्यावा, अशी भूमिका सर्वोच्च न्यायालयाने २०१० च्या एका निकालात घेतली आहे आणि तिथे ७५ टक्के रक्कम द्यायला लावली आहे. ते प्रकरण गाडी भाड्याने दिल्याचं होतं, पण युक्तिवाद इथेही करता येतो.

तुमच्या जागी मी असतो तर वाकलेली स्टेप काढून टाकली असती, पत्रा सरळ करून घेतला असता आणि वडिलांनी होकार दिला तर बोल्टचे स्लायडर बसवले असते. वर्षातून एखाद्या वेळीच खडकात जाणार असाल तर नुसती स्टेप काढणंही पुरे. सगळ्यात खाली लोंबणारी वस्तू तीच असते आणि पहिली टेकतेही तीच.

राहिली स्पर्धा, आणि इथे मला स्लायडरपेक्षा जास्त काळजी वाटते. खासगी गाडीच्या पॉलिसीत 'वापराच्या मर्यादा' नावाचा परिच्छेद असतो. आयोजित शर्यत, वेगाची चाचणी आणि गाडीच्या क्षमतेची चाचणी हे वापर त्यातून वगळलेले असतात. आयोजित शर्यत आणि वेगाची चाचणी ही कारणं तर कलम १५० मध्येही आहेत, म्हणजे तिथे तिसऱ्या पक्षाच्या दाव्यातही कंपनी तुमच्याविरुद्ध उभी राहू शकते. घड्याळ लावून अडथळे पार करायचे असतील तर तो कार्यक्रम यात मोडतो की नाही यावर वाद होणारच. नाव नोंदवण्याआधी आयोजकांकडून नियमावली मागवा, वेळ मोजणार का ते विचारा, त्यांनी त्या दिवसाचा वेगळा विमा काढला आहे का ते कागदावर पाहा, आणि तीच नियमावली जोडून आपल्या विमा कंपनीला ईमेलने विचारा. आयोजक 'सर्व जबाबदारी माझी' असा फॉर्म भरून घेतात. त्यावर सही तुमची असेल, गाडी वडिलांची. तेव्हा तो फॉर्म आधी त्यांना वाचायला द्या.