एइदुर सोळाव्या वर्षी गेला, मग मी का नाही?

तू सोळा वर्षांचा आहेस, कोल्हापुरात तालमीच्या संघातून फुटबॉल खेळतोस आणि शिक्षण थांबवून युरोपात यायचं म्हणतोस. दाखला दिलास आइसलँडचा फुटबॉलपटू एइदुर गुडजॉन्सनचा: तो सोळाव्या वर्षी नेदरलँड्सच्या पीएसव्ही क्लबात गेला, मग मला का जमू नये? मी नऊ वर्षं पीएसव्हीच्याच गावात, आइंडहोव्हनमध्ये राहतोय. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

एइदुर एकटा नव्हता रे. त्याचे वडील आर्नोर 1978 मध्ये, सतराव्या वर्षी बेल्जियमच्या लोकरेन क्लबात गेले आणि पुढे अनेक वर्षं तिथल्याच आंडरलेख्ट क्लबाकडून खेळले. म्हणजे करार कसा वाचायचा, परक्या ड्रेसिंग रूममध्ये कसं टिकायचं, हे सांगणारा माणूस घरातच होता.

24 एप्रिल 1996 ला टॅलिनमध्ये एस्टोनियाविरुद्धच्या आइसलँडच्या सामन्यात आर्नोर मैदानाबाहेर आले आणि त्यांच्या जागी सतरा वर्षांचा एइदुर आत गेला. पुढच्या वेळी दोघं एकत्र खेळतील, अशी सगळ्यांना आशा होती. पण काही आठवड्यांतच युवा संघाच्या सामन्यात एइदुरचा घोटा मोडला. जवळजवळ दोन वर्षं गेली, पीएसव्ही सुटलं आणि बापलेक देशासाठी एकत्र कधीच खेळले नाहीत.

तुझ्या प्रश्नात हा भाग नाही, आणि मला तोच सगळ्यात मोलाचा वाटतो. 1998 मध्ये तो आइसलँडच्या राजधानीत, रेक्याविकला परतला, तिथल्या केआर संघाकडून मोजके सामने खेळला आणि तिथून पुन्हा निघाला: इंग्लंडचा बोल्टन क्लब, मग 2000 मध्ये 40 लाख पौंडांत चेल्सी, दोन प्रीमियर लीग जेतेपदं, बार्सिलोना, 2009 चं चॅम्पियन्स लीग जेतेपद. मोडलेल्या पायाने परतल्यावर उभं राहायला त्याला घर होतं, मैदान होतं, संघ होता. तुझा पाय आइंडहोव्हनमध्ये मोडला तर तू कुठे परतशील? बारावी तरी झालेली असेल का? आईबाबांसोबत बसून याचं उत्तर आधी काढ. उतारवयातही त्याला दुखापतींनी सोडलं नाही. 2016 मध्ये आपल्या एफसी पुणे सिटीने त्याला घेतलं होतं, पण मोसम सुरू होण्याआधीच तो जखमी झाला आणि पुण्यासाठी एकही सामना खेळू शकला नाही.

आता कागदपत्रं. अठरा वर्षांखालच्या खेळाडूला दुसऱ्या देशातल्या क्लबात जायला फिफाची बंदी आहे. अपवाद थोडे आहेत. त्यातला एक म्हणजे युरोपियन आर्थिक क्षेत्राच्या आत 16 पूर्ण झालेल्यांना जाता येतं. आइसलँड त्यात आहे, भारत नाही. त्यामुळे आजही रेक्याविकचा मुलगा सोळाव्या वर्षी इथे येऊ शकतो, तू नाही. अठरानंतरही इथल्या क्लबाने युरोपबाहेरच्या खेळाडूला घ्यायचं तर पगाराची किमान अट आहे: वीस वर्षांच्या पुढे असेल तर सर्वोच्च लीगच्या सरासरीच्या दीडपट, 18-19 वर्षांच्याला त्याच्या निम्मा. नवख्या मुलावर इतका पैसा कोण लावणार? म्हणून तू नेदरलँड्सवरच अडून बसू नकोस. भारताचा गोलरक्षक गुरप्रीत सिंग संधू 2014 मध्ये नॉर्वेच्या स्टाबेक क्लबात गेला तेव्हा बावीस वर्षांचा होता, आणि भारतात खेळून तयार होऊन गेला होता.

आणि ‘ट्रायल’साठी पैसे मागणाऱ्याला एक रुपयाही देऊ नकोस. आपल्याकडचाच एक मुलगा वडिलांचे काही लाख भरून इथे आला होता. क्लबाच्या फाटकावर त्याचं नाव कोणालाच माहीत नव्हतं. तीन दिवस तो माझ्याकडे राहिला, जेमतेम जेवायचा. ते अजून डोळ्यांसमोर आहे.

दोन वर्षं आहेत तुझ्याकडे. बारावी कर, इंग्रजी नीट बोलायला शीक, भारतातल्या मोठ्या फुटबॉल लीगमधल्या क्लबांच्या युवा संघांच्या निवड चाचण्या दे. कुठल्या क्लबाचं पत्र आलंच तर पैसे भरण्याआधी मला पाठव. इथला क्लब असेल तर मी स्वतः कचेरीत जाऊन विचारून येईन.